पाचव्या पट्टीचा लाल

बुखारा. रबीउल-अव्वल, १३४०

अकाजान, सलाम.

तब्येत विचारत नाही. काबुलात अमीरांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय! इकडचं ऐका.

शहराच्या भिंतीबाहेरच्या तुमच्या बागेत आम्ही तिघांना लपवलं होतं. अमीरांसाठी लढणाऱ्या टोळीचा सरदार नोरमत कुर्बाशी, त्याची माणसं, डोंगरातून आलेली. एकाच्या मांडीत गोळी होती. सहा दिवस ते तबेल्यातल्या गवतात होते. सातव्या दिवशी लाल फौजेचे शिपाई आले आणि मी ऐकते ते असं, की कुठेही न शोधता सरळ तबेल्यात शिरले. तिघांनाही गोळ्या घातल्या. मांडीत गोळी होती त्याला उभं राहता येईना, म्हणून भिंतीला टेकवून बसवला म्हणे.

सरळ तबेल्यात शिरले म्हणजे कुणीतरी सांगितलं. आणि तबेल्याचं आम्हा पाच बायकांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

बायका तिथे गेल्याच कशा, असं तुम्ही विचाराल. आदल्या दिवशी, मंगळवारी, आम्ही बागेत बीबी-सेशंबे घातली होती. तुम्हा पुरुषांना त्यातलं काय कळणार! मंगळवारच्या बीबीच्या नावाने बायका जमतात, पिठाची पेज शिजवतात, बायकांना धर्म शिकवणारी ओतिन म्हणून मी तिची कहाणी वाचते, आणि पुरुषाची सावलीसुद्धा चालत नाही. त्यामुळे पेजेची हंडी, नान, कापूस, औषधं, सगळं राजरोस नेता येतं. वेशीवरचा पहारेकरीसुद्धा मान वळवतो. महिना कोणता होता ते मात्र विचारू नका. गरजेला सगळे महिने सारखे.

नंतर आम्हा पाचींनाही चेकाच्या कचेरीत नेलं. त्यांच्या गुप्त पोलिसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून दोन दिवस प्रश्न विचारले आणि मग हाकलून दिलं. बायकांच्या डोक्यात असलं काही येईल हे त्यांना खरंच वाटत नाही. तेवढ्यापुरतं त्यांचं आणि अमीरांचं एकमत आहे.

पाचजणी तुम्हाला माहीत आहेत. मी. हमामातली हसियत, जी अर्ध्या शहराच्या बायकांची डोकी धुते. विणकर आळीतल्या दोघी बहिणी. आणि तुमची बायको, ताजनिसा. मी कुणाचंही नाव घेत नाही. पण हल्ली मुलींना अक्षर गिरवायला बसवते आणि माझं लक्ष दाराकडे असतं.

तुमच्या पत्रात तुम्ही मला शहाणपण शिकवलंय, की हे सगळं सोड आणि मुलींना कुराण शिकव. अकाजान, तुम्ही अमीरांच्या मागोमाग घोड्यावरून निघून गेलात तेव्हा मी इथेच होते. रशियनांच्या तोफा आणून ज्या जदीदांनी, त्या सुधारणावाल्यांनी, आपलंच शहर चार दिवस भाजून काढलं, त्यांना मी राज्यकर्ते म्हणणार नाही. अमीर काही फार गुणाचे होते असं मी कुठे म्हणते? पण ते आपले होते. मुलाने बापाला सुधारावं, शेजाऱ्याला बोलावून त्याला मारू नये.

आता तुमच्या नव्या निकाहाविषयी. ‘ताजनिसाला सांभाळून सांग’ असं लिहिलंत. सांगितलेलं नाही. तिला वाचता येत नाही. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते, त्या ओळी गाळल्या आणि पुढे गेले. बाई खचली तर कामातून जाईल, आणि मला सध्या माणसं कमी आहेत. शिवाय तोंड तुमचं, तुम्हीच उघडा.

तुमची बहीण, सफूरा


बुखारा. रबीउस्सानी

अकाजान,

चहावाला गुलाम नबी परवा काबुलकडे निघतो आहे, म्हणून घाईने लिहिते.

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही एक सुजनी भरायला घेतली होती. माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नासाठी, असं सगळ्यांना सांगितलेलं. तुम्ही अशा सुजनीवर उभा जन्म झोपलात, पण ती कशी होते ते कधी पाहिलं नसेल. कापडाच्या पाच अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, नक्षी काढणारीकडून फुलं-वेली काढून घ्यायच्या, मग टाके उसवून एकेक पट्टी एकेकीच्या घरी द्यायची. जिने तिने आपापल्या घरी भरायची आणि शेवटी पुन्हा जोडायची. त्यामुळे पाची घरांत आमचं येणंजाणं कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. गुंडाळलेल्या पट्टीत कुर्बाशीच्या चिठ्ठ्या फिरत.

आता फिरवायला काही उरलं नाही, म्हणून गेल्या गुरुवारी पट्ट्या जोडायला बसलो. माझ्या घरी, संदलीच्या रजईत पाय घालून पाचजणी. मधोमध कोळसे, भोवती आम्ही, मांडीवर पट्ट्या. अर्धी फुलं एकीकडे, अर्धी दुसरीकडे. जोडल्यावर थोडी मागेपुढे होतातच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. रंगाचं मात्र वाटतं.

चार पट्ट्यांवरचा लाल विटकरी होता. बाजार जळाल्यापासून जे मिळालं ते आम्ही वापरलं, जुनं, मळकं, पुन्हा रंगवलेलं. ताजनिसाच्या पट्टीवरचा लाल मात्र नुकत्या कापलेल्या डाळिंबासारखा होता.

मी बोट ठेवलं. “हा लाल कुठला ग?”

“कुठला म्हणजे? लालच आहे.”

“ते दिसतंय मला. आणलास कुठून?”

“घरात होता.”

“घरात होता तर उन्हाळाभर ‘रेशीम नाही, रेशीम नाही’ म्हणून का रडत होतीस?”

“तेव्हा नव्हता. मग सापडला.”

“कुठे? कोंबडीखाली?”

विणकर आळीतल्या दोघी फिदीफिदी हसल्या. ताजनिसा हसली नाही. “बीबी, तुम्हाला पट्टी पुरी करून हवी होती. केली. आता सूत कोंबडीने दिलं की बकरीने, ते कशाला?” एवढं बोलून ती सुईत दोरा ओवू लागली, आणि दोरा काही केल्या ओवला जाईना.

मी पट्टी उलटी करून पाहिली. मागे गाठीच गाठी, तोकड्या तोकड्या धाग्यांनी भरलेली. तिचा हात असा नाही, तुम्हाला माहीत आहे. घाईघाईत उरकलं असणार. पण घाई कसली होती?

सगळ्या गेल्यावर हसियत मागे राहिली. आधी चहा प्यायली, मग दुसरा प्यायली, मग म्हणाली, “ओतिन, मी बोलले असं नको. पण तुझ्या वहिनीला मी दोनदा पाहिलं. जदीदांनी बायकांसाठी शिवणाचा कारखाना काढलाय ना, त्या गल्लीत.”

“तिथे काय असतं?”

“रशियाचं रेशीम असतं. नवंकोरं. त्यांच्यात जाणाऱ्या बाईला देतात.”

अकाजान, मला हे लिहायला आवडत नाही. पण तुम्ही घरचे आहात, आणि ती तुमची आहे.

सफूरा


बुखारा. जमादिलअव्वल

अकाजान,

आता मी आडपडदा ठेवत नाही.

हसियतचा मुलगा तुराबेक तुम्हाला आठवत असेल, घोड्याच्या नालांचं काम करायचा तो. आता तो कुर्बाशीचा निरोप्या आहे. हमामाच्या मागच्या अंगणात, जिथे जळण ठेवतात, तिथे तो मला भेटला. सरळ म्हणाला, “ओतिन-बीबी, तिघं गेले. कुर्बाशीला नाव हवंय.”

“माझ्याकडे नाव नाही.”

“आई म्हणते, आहे.”

“तुझी आई हमामात बसून काय काय म्हणते, ते ऐकून शहर चालवायचं का?”

तो हसला, पण जागचा हलला नाही. “बर्फ वितळलं की आम्ही खाली उतरणार. तोवर पाचांतली एक फितूर राहिली तर पाचीही जातील. नवरोजपर्यंत सांगा.”

“नाव मिळाल्यावर काय करणार?”

“विचारता कशाला?” तो म्हणाला.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. संशय आहे, पुरावा नाही. मी मुद्दाम तिच्याकडे दोनदा जाऊन बसले, इकडचं तिकडचं बोलले, कारखान्याचा विषय काढला. ती माझ्या डोळ्यांत बघत नाही. पूर्वी माझ्या अंगावर शाल नीट करायची, आता दूर बसते. काहीतरी लपवते आहे हे आंधळ्यालाही कळेल. मी तरी कुठे तिच्याशी मोकळी आहे? तुमची भानगड पोटात घेऊन मी तिच्यासमोर बसते, आणि मला वाटतं तिला ती माझ्या तोंडावर दिसेल. त्यामुळे मीसुद्धा खोदून विचारू शकत नाही.

तुराबेककडून मी तुमच्या उत्तरापुरती मुदत मागून घेतली आहे. पंधरा वर्षं तुम्ही तिच्याबरोबर संसार केलात. मला फक्त एक वाक्य हवंय: माझी बायको असं करणार नाही. तेवढं लिहा. मी ते कुर्बाशीला दाखवीन, आणि त्याला मानावंच लागेल, कारण तुम्ही अमीरांच्या जवळचे आहात. तिचा जीव तेवढ्या ओळीवर आहे. लवकर लिहा.

सफूरा


बुखारा. रजबचा दुसरा आठवडा

तुमचं उत्तर मिळालं.

‘अमीरांच्या कामात घरचं आणि बाहेरचं असा भेद करू नये. तुला योग्य वाटेल ते कर.’ अक्षर सुंदर आहे. अमीरांचे मिर्झा, लेखनिक, उगीच नव्हतात तुम्ही. खाली तुमच्या नव्या सासऱ्यांनी दिलेल्या घराचं वर्णन आहे, ते मी दोनदा वाचलं, की मध्येच कुठे ताजनिसाचं नाव राहून गेलं असेल. नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, तुमचाही संशय आहे, म्हणजे माझं बरोबर. मग वाटलं, तुम्हाला हे सोयीचंच आहे. मग स्वतःचाच राग आला, की सख्ख्या भावावर संशय घेते. त्याच रागात मी हमामात गेले आणि तुराबेकला नाव सांगितलं. हो, सांगितलं. तुमच्या पत्राच्या आधारावर, पण तोंड माझं होतं.

घरी आले. मनाची समजूत घालायला पुरावा हवा होता, म्हणून दुपारीच ताजनिसाकडे गेले. ती तंदूरवर नान लावायला शेजारी गेली होती. मी तिची लग्नाची पेटी उघडली. वाटलं होतं, नव्या रेशमाचं बंडल सापडेल, कारखान्याचा शिक्का असलेलं.

वर तिची लग्नाची सुजनी होती. लग्नाच्या दिवशी तुमच्या दोघांच्या डोक्यावर धरली होती, ती. एक कोपरा मीच धरला होता. तिच्यात लाल उरला नव्हता. हिरव्या वेली जागच्या जागी, पिवळे देठ जागच्या जागी, आणि जिथे फुलं होती तिथे सगळीकडे सुईची बारीक भोकं. पंधरा वर्षं उजेड न पाहिलेलं रेशीम धागा धागा उसवून काढलेलं. म्हणून तोकडे धागे, म्हणून गाठी.

“विचारलं असतंत तर मीच दाखवली असती,” ती दारातून म्हणाली. हातात गरम नान होते.

मला बसायला जागा सापडेना. “हे का केलंस?”

“तुम्हाला लाल हवा होता. आणि मला ती सुजनी नको होती.”

“तुला कधी कळलं?”

“सफर महिन्यातच. काबुलहून आलेल्या एकाची बायको हमामात सांगत होती. म्हणाली, मिर्झा हिकमतांनी तिकडे बायको केली, तरणी आहे.” तिने नान कापडात गुंडाळून ठेवले. “त्याच्या आधी तुम्ही पत्र वाचून दाखवलं होतंत ना, तेव्हाच संशय आला होता. तुमचा आवाज तोच होता, पण डोळे चार ओळी खाली उतरले.”

“मग माझ्याशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही माझ्याशी बोललात?”

मी कारखान्याच्या गल्लीचं विचारलं. त्याच गल्लीत काजीची कचेरी आहे, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? नवरा परदेशात असेल आणि खर्चाला पाठवत नसेल, तर बायकोला सुटता येतं का, हे ती विचारायला गेली होती. दोन्ही वेळा दारातून परत आली.

“मग तबेल्याचं कुणी सांगितलं?” मी म्हटलं. मला अजूनही कुणीतरी हवंच होतं.

तिने नानच्या कापडाला गाठ मारली. मग अगदी हळू, शाळेतल्या मुलीला समजवावं तसं म्हणाली, “बीबी, सफरमध्ये बीबी-सेशंबे कोण घालतं?”

अकाजान, सफर अशुभ. त्या महिन्यात लग्न नाही, मंगळवार नाही, कसलाच मान नाही. पाच वर्षांच्या पोरीलासुद्धा माहीत असतं, आणि मी तिला ते शिकवते. त्या वेळी मला वाटलं होतं, कामाला इलाज नाही, देव समजून घेईल. देवाने घेतलं असेल. पण अख्ख्या आळीच्या बायका त्याच संध्याकाळी पाण्याच्या हौदावर तेच बोलत होत्या, की ओतिनला झालंय काय, भर सफरमध्ये पेज शिजवायला वेशीबाहेर गेली. चेकाच्या कचेरीत एक तातार दुभाषी बाई असते, मुसलमानाची पोर. तिने ताजनिसाला पहिला प्रश्न तोच विचारला होता.

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, आमच्या ओतिन विसरभोळ्या आहेत.”

“आणि सरळ तबेल्यात शिरले ते?”

“कोण म्हणतं सरळ? शेजारच्या बागेतला माळी सांगतो, आधी विहिरीत बघितलं, माळ्यावर चढले, दुपारपर्यंत सगळं घर उकरलं. तबेला शेवटी.”

“हे मला इतके दिवस कुणी सांगितलं कसं नाही?”

“तुम्ही चुकलात, असं तुम्हाला कोण सांगणार?” ती म्हणाली.

त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिला सगळं सांगितलं. तुमचं उत्तर वाचून दाखवलं, या वेळी एकही ओळ न गाळता. मग हेही सांगितलं, की सकाळी मी तिचं नाव देऊन आले आहे. ती रडली नाही. तंदूरवरचे शेवटचे दोन नान काढायचे राहिलेत म्हणाली आणि उठून गेली.

सफूरा


बुखारा. शाबान

अकाजान,

हे पत्र कुणाच्या हाती पडेल याची मला आता पर्वा नाही, म्हणून नावानिशी लिहिते.

दुसऱ्याच दिवशी मी तुराबेकला गाठलं. म्हटलं, माझी चूक झाली. ताजनिसा नव्हे. बोभाटा माझ्यामुळे झाला. नाव द्यायचंच असेल तर माझं दे.

तो नाल ठोकायचा तसा एक पाय दगडावर ठेवून उभा होता. “ओतिन-बीबी, असं नाव बदलता येत नाही. कुर्बाशीला कळवून झालं.”

“मग पुन्हा कळव!”

“काय कळवू? की पाच महिने तुम्ही आम्हाला खुळ्यासारखं नाचवलंत?” मग तो जरा नरमला. तो वाईट मुलगा नव्हता. “हे बघा, तुमच्याशिवाय बायका हलत नाहीत. तुम्ही लागता. ती लागत नाही. नवऱ्यालाही नकोय, तुम्हीच तर पत्र दाखवलंत. नवरोजनंतरच्या बुधवारी माणसं येतील. तुम्ही त्या दिवशी तिच्याकडे जाऊ नका, एवढंच.”

मी दोन दिवस विचार केला. ताजनिसाला समरकंदला तिच्या मावशीकडे पाठवायची, तर आगगाडीला परवाना लागतो आणि तो चेकाच्या कचेरीतून मिळतो. त्यांना काही दिल्याशिवाय ते काही देत नाहीत. माझ्याजवळ देण्यासारखं एकच होतं.

मी परंजीचा बुरखा न काढता त्या तातार बाईसमोर बसले. तिने चहा पुढे केला. मी प्यायले नाही; तेवढीच माझी शान उरली होती. तुराबेक कुठल्या वारी कुठे असतो ते मी सांगितलं. तिने विचारलं, “तुम्ही अमीरांच्या बाजूच्या ना?” मी म्हटलं, “अजूनही आहे.” तिने ते लिहून घेतलं नाही.

ताजनिसा मंगळवारच्या गाडीने गेली. स्टेशनावर तिने माझी शाल नीट केली. परवाना कसा मिळाला हे तिला सांगितलेलं नाही, आणि तिने विचारलं नाही. तुराबेकला त्याच दिवशी दुपारी जळणाच्या अंगणातून नेलं आणि पुढच्या शुक्रवारी गोळी घातली. तुमच्या अमीरांसाठी जीव टाकणारा पोर होता. त्याच्यासाठी दुवा मागा. माझ्यासाठी मागू नका.

दुखवट्याचे चाळीस दिवसही झाले नव्हते, तोच हसियत पुन्हा कामाला लागली. दुसरं करणार काय! पहिल्या गुरुवारी मी गेले. न जाणं जास्त उठून दिसलं असतं. मी पायरीवर बसले, ती मागे बसली, माझे केस सोडले, दही चोळलं.  मग म्हणाली, “ओतिन, तुला माणूस ओळखता येतं. कोण असेल ग ती?”

मी मांडीवर पडलेलं दही पुसलं.

“ताजनिसाच ना? माझ्या पोराला नेलं आणि ती त्याच दिवशी पळाली.”

हो म्हणणं किती सोपं होतं, अकाजान. ती सुखरूप होती, लांब होती, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. तुम्हालाही. पण समरकंद काही चंद्रावर नाही.

“ती नव्हे,” मी म्हटलं.

“मग कोण?”

मी तिला सांगितलं. तोंड न वळवता, पाठ तिच्याकडेच ठेवून सांगितलं.

तिचे हात थांबले. माझ्या केसांत दही तसंच होतं. आजूबाजूला बायका बोलत होत्या, एक पोरगी पाणी उडवत होती. मग हसियतने तांब्या भरला आणि माझ्या डोक्यावर ओतला, दुसरा ओतला, तिसरा ओतला, दही पार निघेपर्यंत. केस पिळले. उठून पुढच्या बाईकडे गेली.

याला तीन आठवडे झाले. तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, की सांगितलंय आणि मला कळलेलं नाही, ते मी सांगू शकत नाही. विणकर आळीतल्या दोघी माझ्याकडे येतात, हसतात, आणि मी त्यांच्या हसण्याकडे बघत बसते. दर गुरुवारी मी हमामात जाते. हसियत माझं डोकं मागे घेते, मी डोळे मिटते. पाणी फार कढत नाही ना, एवढंच ती विचारते.

सफूरा